एकतीस सप्टेंबरचा स्टार

आमच्या जिन्यावर सगळ्यांचीच दाढ दुखते. नागपूरच्या धंतोलीतली जुनी चार मजली इमारत आहे. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर आमचा, मनाचा. दुसऱ्या मजल्यावर येणारा माणूस खालच्या फाटकापासूनच गालावर हात ठेवून चढायला लागतो, पहिला मजला आला की मागेपुढे बघतो आणि मग दोन-दोन पायऱ्या गाळत वर सटकतो. एकदा दोन साडू जिन्यात समोरासमोर आले, एक चढणारे, एक उतरणारे. दोघांचे हात गालावर.

"तुमची कोणती?"

"खालची. तुमची?"

"मागची, अक्कलदाढ."

पुढच्या मंगळवारी दोघेही आपापली पोरं घेऊन माझ्या काउंटरसमोरच्या सोफ्यावर शेजारी-शेजारी बसले होते. गाल सोडून दिले होते बिचाऱ्यांनी. ज्यांनी माझ्याकडून हा लेख मागितला, त्यांचीही दाढ आमच्या जिन्यावर एकदा दुखली होती, पण ते जाऊ द्या.

मी हरडे बाई. तीस वर्षं सक्करदऱ्याला प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं, असं माझं आणि सुनेचं एकमत झालं. आमच्या डॉक्टर मॅडमना काउंटरवर कुणीतरी हवं होतं. त्या किशोरवयीन मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे बारा ते एकोणीस. मी म्हटलं, मला सहा ते दहाची सवय आहे. त्या म्हणाल्या, "बाई, काही फरक नसतो, फक्त उंची वाढते." त्यावर आठ वर्षं काढली.

काम काय, तर नंबर लावायचे, फाइल काढायची, फोन घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं मला जड गेलं. आमच्याकडे नाव घेऊन हाक मारत नाहीत, नंबर सांगतात. फाइलवर दवाखान्याचं नाव नसतं. फोनवर 'मनोविकार' शब्द उच्चारायचा नाही, 'दवाखान्यातून बोलतेय' एवढंच. त्यामुळे एका आजोबांनी मला दोन महिने दातवाल्यांची समजून कवळीबद्दल विचारलं. मीही त्यांना सांगत राहिले, रात्री पाण्यात ठेवा.

बाहेरच्या माणसाला वाटतं नैराश्य म्हणजे पोर कोपऱ्यात बसून रडत असेल. तसं फार कमी दिसतं. पोट्टं दुपारी बारापर्यंत लोळतं, चिडचिड करतं, पोट दुखतं म्हणतं, आवडती पाटोडी पानात तशीच ठेवून उठतं, आंघोळीला ढकलावं लागतं. आईबाप म्हणतात आळशी झालं. आईबापांचं निदान ठरलेलं असतं, मोबाइल. मोबाइल नसला तर सासरचं रक्त. तेही पटलं नाही तर नजर लागली. मग तीन-चार महिने मिरच्या ओवाळून झाल्या की गालाला हात लावून आमच्याकडे. माझ्याच वर्गात एक पोरगा बाकावर डोकं ठेवून बसायचा, त्याला मी वर्षभर 'कुंभकर्ण' म्हणत होते. मॅडमकडे लागल्यावर पहिल्या महिन्यातच तो आठवला. आता कुठे असेल कोण जाणे.

आमच्या दवाखान्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वही. औषध लागलं तर मॅडम देतात, बोलणं तर असतंच, पण वही प्रत्येकाला. साधी शंभर पानी. पानाच्या डाव्या बाजूला तारीख, झोप किती तास, आणि आज मन कसं होतं त्याला दहापैकी आकडा. शून्य म्हणजे फार वाईट, दहा म्हणजे झकास. उजव्या बाजूला मनात आलेला वाईट विचार लिहायचा आणि मग वकिलानं उलटतपासणी घ्यावी तशी त्याची घ्यायची, या विचाराच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. उजवी बाजू घडी घालून आत दुमडायची, ती फक्त मॅडमनी उघडायची. डावी बाजू भरली की नाही एवढं मी काउंटरवर बघायचं.

आता मला सांगा, ज्या बाईनं तीस वर्षं वह्या तपासल्या, तिच्या हातात शंभर वह्या दिल्यावर ती काय करेल? दुसऱ्या आठवड्यात मी पर्समधून लाल पेन काढला.

रोजची नोंद भरलेली असली की छोटा स्टार. सात किंवा त्यावर आकडा असला की मोठा स्टार, आतून रंगवलेला. महिनाभर सगळं भरलेलं असलं की संत्रा बर्फीचा तुकडा. पोरं काय खूश व्हायची! सहा फुटी पोट्टे, मिशा फुटलेल्या, आणि "बाई, माझ्या चौदा तारखेला स्टार नाही दिला तुम्ही" म्हणून भांडायचे. मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, राहू द्या ना हे." मी म्हटलं, "मॅडम, पोरं नियमित भरून राहिली, तेच तर तुम्हाला पाहिजे होतं." दाराबाहेर बारा पेशंट बसले होते. त्यांनी पुढचा नंबर पाठवायला सांगितलं. मला वाटलं, जिंकले.

वहीचे गमतीचे प्रकार सांगायचे तर दिवस पुरायचा नाही. गणिताचे क्लास घेणारे एक सर मुलाच्या महिनाभराच्या आकड्यांचा आलेख काढून, लॅमिनेट करून घेऊन आले. "बाई, याची सरासरी सहा पूर्णांक दोन येऊन राहिली. कट-ऑफ किती आहे?"

मी म्हटलं, "सर, कट-ऑफ नसतो."

"असं कसं? मग पास कोण होते?"

त्यांचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. तो हळूच म्हणाला, "बाई, यांनाच एक वही द्या ना." मॅडमनी खरंच दिली. सरांनी पहिल्या दिवशी स्वतःला साडेनऊ दिले, अर्धा मार्क पाठदुखीचा कापला.

आणखी एकदा दोन पोट्टे सोफ्यावर डोकी एकत्र करून बसले होते. मला वाटलं, चला, मैत्री झाली, बरं झालं. जवळ गेले तर एक दुसऱ्याला म्हणतोय, "अबे, तुझे निगेटिव्ह विचार दाखव ना, माझे या आठवड्याचे राहिले."

"घे. पण पूर्ण नको उतरवू बे, दोन-तीन बदल."

त्यानं घाईत काहीच बदललं नाही. आत गेल्यावर मॅडमना वहीत वाचायला मिळालं की, या मुलाला 'बहिणीवर घरचे जास्त प्रेम करतात' म्हणून फार वाईट वाटतं. पोरगा एकुलता एक होता. मॅडमनी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, प्रॅक्टिकलचं जर्नल असंच भरतो ना आम्ही, सवय आहे."

मॅडमनी ते मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. त्या दिवशीच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता, नाही पडला.

आता समीक्षाची गोष्ट. नाव बदललेलं आहे. गावही बदलणार होते, पण लेख लिहायच्या आधी मी तिला विचारलं तर म्हणाली, "बाई, नाव बदला, पण खापा ठेवा. आमच्या खाप्याचं नाव कुठंच छापून येत नाही." म्हणून खापा.

खाप्याला तिच्या वडिलांचं मॅचिंग सेंटर आहे. साडीवर ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल. रमेशभाऊ म्हणतात त्यांना. गोरेगोमटे, गोल चेहऱ्याचे, पोरीवर जीव ओवाळून टाकणारे. समीक्षा दहावीला तालुक्यात चमकली, म्हणून तिला नागपूरला हॉस्टेलमध्ये ठेवून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला घातलं. पाच महिन्यांत पोरीचं जेवण सुटलं, झोप उडाली, क्लासमध्ये तास न् तास पुस्तकाचं एकच पान उघडं. एक दिवस बाथरूममध्ये बसून राहिली, बाहेर यायला तयार नाही. हॉस्टेलवाल्यांनी घरी पाठवलं आणि सांगितलं, डॉक्टरची चिठ्ठी आणा, मगच परत घेऊ.

जूनमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या वहीत दोन, तीन, दोन असे आकडे असायचे. पण काय अक्षर! मी तीस वर्षांत असं अक्षर दोनदाच बघितलं असेल. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली आणि तिथंच माझं चुकलं. आवडत्या विद्यार्थ्याची वही बाई नीट तपासत नाही, नुसती बघून खूश होते.

जुलैत आकडे चार-पाचवर आले, ऑगस्टमध्ये सहा. माझे स्टार मोठे होत गेले. मी तिला म्हणायची, "शाब्बास, अशीच चढत्या भाजणीनं जा." ती हसायची. छान हसायची पोरगी, सगळे दात दाखवून. मॅडमसमोरही तशीच हसायची. औषध लागू पडतंय असं मॅडमना वाटलं, वहीही तेच सांगत होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा नंबर होता. मॅडमनी चिठ्ठी दिली की थेट हॉस्टेलवर जायचं, असं ठरवूनच रमेशभाऊ आले होते. भाड्याची व्हॅन केली होती. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. ड्रायव्हर म्हणाला, सामान उतरवा, मी दुसरं भाडं मारून येतो. म्हणून रमेशभाऊ सूटकेस, बादली आणि गुंडाळलेली गादी घेऊन दुसऱ्या मजल्यावर आले. खालच्या दातवाल्यांच्या कंपाउंडरनं त्यांना अडवून सांगितलं म्हणे, "भाऊ, दाढ काढायले मुक्काम नाही लागत."

गादी हॉलच्या मधोमध उभी केली. एक आजी आल्या, त्यांनी ती आडवी करवून घेतली आणि वर बसल्या. रमेशभाऊ माझ्यापुढे पेढ्यांचा डबा ठेवून म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे झालं हे. तुमचे ते स्टार पाहिले की माझं मन भरून येते. आज चिठ्ठी भेटली की झालं."

मी फुलून गेले. वही ओढली, लाल पेन काढला. सप्टेंबरचं पान. सात, आठ, आठ, आठ, नऊ. मोठे स्टार काढायला वेळ लागतो, आतून रंगवायचे असतात, म्हणून मी भराभर हात चालवत होते. अठ्ठावीस, आठ, स्टार. एकोणतीस, आठ, स्टार. तीस, नऊ, स्टार. एकतीस, आठ, स्टार.

पेनाचं टोपण लावलं. पान उलटणार, तोच हात थांबला.

तीस वर्षं मी पोरांना मुठीवर महिने मोजायला शिकवलं आहे. हाताची मूठ वळायची, बोटांच्या हाडांचे उंचवटे म्हणजे एकतीसचे महिने, मधल्या खाचा म्हणजे तीसचे. मी काउंटरखाली मूठ वळली. जानेवारी उंच, फेब्रुवारी खाच. जुलै उंच, ऑगस्ट परत उंच, सप्टेंबर खाच. पुन्हा मोजलं. साठी उलटलेली बाई काउंटरखाली मूठ चोळतेय, हे बघून समोरची आजी म्हणाली, "वात आला का वं?"

जो दिवस उगवलाच नाही, त्या दिवशी पोरीचं मन दहापैकी आठ होतं आणि मी त्याला मोठा स्टार दिला होता.

मग मी सप्टेंबरचं पान परत पहिल्यापासून बघितलं, बाई म्हणून. सगळ्या पानावर एकच निळी शाई, कुठे गडद नाही, फिकी नाही. अक्षर सुंदरच, पण दर दोन-तीन ओळींनंतर एकसारखा धक्का बसल्यासारखं हललेलं. झोप रोज सात तास. एकही दिवस साडेसहा नाही, आठ नाही. लॅबच्या जर्नलसारखं सगळं.  आत मॅडमकडे आधीचा पेशंट होता, पुढचा नंबर समीक्षाचा. चिठ्ठी छापून तयार होती, फक्त सही बाकी. त्या सहीवर पोरगी पुन्हा त्या खोलीत जाणार होती, एकटी.

रमेशभाऊ व्हॅनवाल्याला फोन करायला बाहेर गेले होते. मी समीक्षाला काउंटरच्या आत बोलावलं. वही तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "समीक्षा, सप्टेंबर किती दिवसांचा असतो गं?"

ती म्हणाली, "एकती..." आणि थांबली. तिनं मूठ वळली. तिलाही कुण्या बाईनं तसंच शिकवलं असणार. जानेवारीपासून मोजत मोजत सप्टेंबरच्या खाचेवर तिचं बोट आलं आणि ती हसायला लागली. मीही हसले. आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसत होतो आणि माझ्या लक्षात आलं की ती आता हसत नाहीये.

"बाई, मी हा महिना व्हॅनमध्येच भरला पूर्ण. सावनेरपासून इथपर्यंत, गादीवर बसून."

"काहून वं?"

तिनं नाक पुसलं. "तुम्हाले स्टार द्यायला आवडते ना."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"आणि बाबा रोज जेवताना विचारतात, आज किती? मी आठ म्हटलं की ते नीट जेवतात. एक दिवस मी तीन म्हटलं होतं, तं ते ताटावरून उठून दुकानात जाऊन बसले, अंधारात. मग मी आठच सांगून राहिली. सोपं असते, बाई. हसलं की कोणी काही विचारत नाही."

मी लाल पेन ठेवून दिला. काउंटरवरची पेन्सिल तिच्या हातात दिली. "खरा आकडा सांग. आजचा."

तिनं वही स्वतःकडे ओढली. मग एकतीस सप्टेंबरच्या ओळीतला आठ खोडला आणि शेजारी लिहिलं, दोन. थोडं थांबून तोही खोडला आणि एक केला.

आमच्या दवाखान्यात एक नियम आहे, आत पेशंट असताना दार उघडायचं नाही. आठ वर्षांत मी तो एकदाच मोडला. मॅडमनी वर बघितलं, माझं तोंड बघितलं आणि समोरच्या मुलाला म्हणाल्या, "दोन मिनिटं हं, बाळ." मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि बोट ठेवलं. मॅडमना मुठीची गरज पडली नाही.

त्या दिवशी समीक्षा आत पाऊण तास होती. बाहेर अकरा जण खोळंबले होते, त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. आत काय झालं ते माझं नाही, पण शेवटी तिच्याच परवानगीनं मॅडमनी रमेशभाऊंना बोलावून जे सांगितलं, ते मला नंतर रमेशभाऊंच्याच तोंडून कळलं. पोरीला कितीतरी रात्री वाटत होतं की झोपावं आणि सकाळी उठूच नये. हॉस्टेलवर एकटी सोडायची नाही, घरातली सगळी औषधं कुलपात, आईनं तिच्याच खोलीत झोपायचं, आठवड्यातून दोनदा इथं यायचं. औषध बदललं. चिठ्ठी नाही.

रमेशभाऊ बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे?

"पण बाई, गादी आणली आहे ना."

माणूस गडबडला की काहीही बोलतो. आजी गादीवरून उठल्या, हे धपकन खाली बसले. समीक्षा शेजारी येऊन बसली. दोघंही पंख्याकडे बघत होते. मग रमेशभाऊ मलाच म्हणाले, कारण पोरीकडे बघून बोलायची त्यांची हिंमत होत नव्हती, "मी गिऱ्हाइकाले रोज सांगतो बाई, दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये रंग पाहू नका, कापड बाहेर उजेडात नेऊन पाहा. अन् घरच्या पोरीले मी ट्यूबलाइटमध्येच पाहून राहिलो होतो."

समीक्षा म्हणाली, "बाबा, आज एक आहे."

"हाव," ते म्हणाले. "एक तं एक. पण जेवशीन ना?"

"तुम्ही जेवाल तं."

पेढे कुणाला द्यायचे सुचेना. शेवटी त्यांनी ते हॉलमध्ये वाटले. एका बाईनं विचारलं, कशाचे? रमेशभाऊ म्हणाले, "पोरगी खरं बोलली, त्याचे." गादी जशी वर आली तशी खाली गेली. जिन्यात दातवाल्यांचा कंपाउंडर होताच. यावेळी तो गादीचं एक टोक धरून व्हॅनपर्यंत सोडून आला.

संध्याकाळी मॅडमनी मला आत बोलावलं. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवूनच गेले होते. त्या म्हणाल्या, "बाई, चूक माझीही आहे. मी आकडे बघितले, शाई नाही बघितली. आता तुमचा लाल पेन माझ्याकडे द्या."

दिला. वर त्यांनी मला एक कोरी वही दिली. "आठवडाभर भरा. मन किती, झोप किती. मग आपण बोलू."

मला राग आला. मला काय धाड भरली आहे? दोन दिवस मी मॅडमशी कामापुरतंच बोलले. पुढच्या शनिवारी संध्याकाळी आठवलं की उद्या रविवार आणि परवा वही दाखवायची आहे. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, एका हातानं पोळी फिरवत, सोमवार ते शनिवार सगळं भरलं. सात, सात, आठ, सात. शुक्रवारी सुनेशी भांडण झालं होतं, तिथंही सात. भरून झाल्यावर माझं मलाच दिसलं. मी ओट्यावर डोकं ठेवून हसले. सून म्हणाली, "आई, दवाखान्यातलं लागलं की काय तुम्हाले?"

तेव्हापासून आमच्याकडे स्टार बंद झाले. रिकामी जागा चालते, खोडलेलं चालते, आकडा सांगायचा नसेल तर नुसती रेघ चालते. बर्फी मात्र मी चालू ठेवली, पण ती सगळ्यांना, कारण न विचारता. मॅडमनी तेवढं माझ्यावर सोडलं.

समीक्षा लगेच बरी झाली असं सांगितलं तर ते एकतीस सप्टेंबरसारखंच होईल. एक, दोन, एक, तीन, एक, असं चाललं. औषधाला काम करायला काही आठवडे लागतात आणि ते आठवडे घरच्यांना वर्षासारखे वाटतात. रमेशभाऊ आठवड्यातून दोनदा दुकान बंद करून यायचे, गालाला हात न लावता. जिन्यात कुणी विचारलं की ठणकावून सांगायचे, "दात चांगले आहेत. पोरीच्या मनाले बरं नाही, वर चाललो." त्यांचं ऐकून आणखी दोघा-तिघांनी गाल सोडले. दिवाळीच्या पुढे कधीतरी वहीत चार आला, खोडून-खोडून लिहिलेला. मेडिकल सुटलं. तिनं ते स्वतः सोडलं, वर्षभरानंतर, डोकं ठिकाणावर असताना. आता भूगोल घेऊन बी.ए. करते आणि रविवारी दुकानात बसते. गिऱ्हाइकाला कापड उजेडात नेऊन दाखवते.

मी दवाखाना सोडला त्याला चार वर्षं झाली. सोडताना समीक्षानं माझा नंबर घेतला. पुढच्या वर्षी तीस सप्टेंबर संपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मेसेज आला, 'बाई, आज एकतीस सप्टेंबर. पाच.' मी फोनवरचा स्टार शोधायला नातवाला कामाला लावलं, मग विचार केला, नको. नुसतं लिहिलं, 'वाचलं गं.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'एकतीस सप्टेंबर. चार. मॅडमकडे जाऊन आली.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'सहा.'

यंदा सकाळी मेसेज आला नाही. मी म्हटलं, कॉलेज असेल. दुपारी बघितलं, नाही. मी फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. सून म्हणाली, कोणाची वाट पाहून राहिल्या? मी म्हटलं, कोणाची नाही. चहा गार झाला. हॉस्टेलच्या बाथरूमचं, अंधारातल्या दुकानाचं, काय काय डोक्यात यायला लागलं. वहीच्या उजव्या बाजूला लिहायचे असतात ना, तसले सगळे विचार, आणि विरुद्ध बाजूनं एकही पुरावा सुचेना. संध्याकाळी सहा वाजता मी फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मागं पोरींचा हा गोंगाट.

"बाई! काय झालं? इतके फोन?"

"आज तारीख काय गं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"एक ऑक्टोबर. काहून?" मग ती एकदम थांबली. "अगं मायबाई! बाई, मी विसरलीच! क्लासच्या पोरी पिकनिकला आलो ना, सकाळपासून लक्षातच नाही राहिलं. सॉरी बाई, खरंच विसरली मी."

विसरली.  मी फोन कानाशी धरून पदरानं नाक पुसलं.

"बाई? बाई, तुम्ही रडून राहिल्या का?"

"नाही वं," मी म्हटलं. "दाढ दुखून राहिली."

 ती हसली आणि दरडावून म्हणाली, "बाई, खरा आकडा सांगा."

"दहा," मी म्हटलं. "अन् हा गादीवर बसून भरलेला नाही."